माहेर की परदेश? : बाळंतपण कोठे करावे याविषयी

आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाऊक नाही असा श्रोता या सभामंडपात क्वचितच असेल. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. होऊन बाहेर पडल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. हा विषय त्यांनी का निवडला असेल हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते अवघ्या काही दिवसांत गेले. योग्य उपचार हाताशी असते तर ते वाचले असते, ही खंत त्यांच्या पुढच्या साऱ्या धडपडीच्या मुळाशी होती.

आनंदीबाईंना बाळंतपण कोठे करावे याची निवड नव्हती. आज दुबईत, लंडनमध्ये, म्युनिकमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलीला ती आहे, आणि निवड आली की काळजीही आली. दिवस गेल्याची बातमी फोनवर कळते, आनंदीआनंद होतो, आणि आठ दिवसांच्या आत दोन्ही घरांत एकच चर्चा सुरू होते : इकडे यायचे की तिकडेच करायचे? आई म्हणते, पहिले बाळंतपण माहेरी. सासू म्हणते, मुलाला सोडून सहा महिने कशी राहील? मित्र म्हणतात, तिकडे जन्मले तर पासपोर्ट मिळेल. जिचे बाळंतपण, तिला काय वाटते हे विचारण्याचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

आमच्या घरी हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर वेगळे निघाले. थोरली मुलगी आखातातून माहेरी आली. धाकटीने अमेरिकेतच राहावयाचे ठरविले आणि तिची आई तिकडे गेली. दोन्ही बाळंतपणे सुखरूप झाली. परंतु दोन्ही वेळा काही गोष्टी आम्हांस उशिरा कळल्या, आणि त्या आधी कळल्या असत्या तर मनस्ताप वाचला असता असे वाटले. त्या गोष्टी क्रमाने मांडाव्यात एवढाच आजचा हेतू आहे.

पहिला मुद्दा प्रकृतीचा. गर्भिणीला रक्तदाब आहे काय, मधुमेह आहे काय, जुळे आहे काय, वार खाली आहे काय, आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले आहे काय, तिचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आहे काय, या प्रश्नांची उत्तरे प्रथम हवीत. यांपैकी काही निघाले तर बाकीचा विचार दुय्यम ठरतो. जेथे तिची तपासणी पहिल्यापासून चालू आहे, जेथे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळते, आणि जेथे अपुऱ्या दिवसांच्या मुलाला सांभाळण्याची सोय त्याच इमारतीत आहे, तेच ठिकाण योग्य. मग ते माहेर असो वा परमुलूख. माहेर एखाद्या तालुक्याच्या गावी असेल, तर जवळचे असे रुग्णालय किती मैलांवर आहे हे भावनेच्या भरात विसरू नये.

दुसरा मुद्दा प्रवासाचा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलीला माहेरी आणण्याची आपली जुनी चाल आहे. गंमत अशी की आजच्या विमान कंपन्यांचे नियम जवळजवळ हेच सांगतात. सर्वसाधारणपणे अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात, आणि एकच गर्भ असेल तर छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रवास बंद करतात. जुळे असेल तर ही मर्यादा बत्तिसाव्या आठवड्याजवळ येते. कंपनीपरत्वे यात फरक असतो. तिकीट काढण्यापूर्वी तो विचारून घ्यावा. गरोदरपणी पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा संभव वाढतो आणि चार तासांहून लांबच्या विमानप्रवासाने त्यात भर पडते. म्हणून मधूनमधून उठून चालावे, पाणी भरपूर प्यावे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास घट्ट मोजे घालावेत. डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले २८० दिवस. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले फार थोडी. सदतीस आठवडे पुरे झाल्यावर केव्हाही मूल जन्मले तरी ते वेळेवर आले असेच समजतात. तेव्हा अगदी काठावरचा बेत करू नये. यायचेच असेल तर अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान यावे, आणि येताना सोनोग्राफीचे व रक्ततपासणीचे सर्व कागद हातातल्या पिशवीत ठेवावेत, सामानात टाकू नयेत.

तिसरा मुद्दा तेथील पद्धतीचा. प्रत्येक देशात बाळंतपणाची रीत निराळी आहे, आणि ती ठाऊक नसली म्हणजे भीती वाटते. इंग्लंडमध्ये प्रकृती ठणठणीत असलेल्या गर्भिणीची सारी देखरेख शिकलेल्या सुईणीकडे असते. डॉक्टरचे दर्शन होईलच असे नाही. सोनोग्राफी साधारणपणे दोनदा, बाराव्या व विसाव्या आठवड्यांच्या सुमारास. सगळे सुरळीत झाले तर दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, बाळंतिणीला घरी पाठवितात. आपल्याकडे दर महिन्याला डॉक्टरीणबाईंना भेटण्याची सवय असलेल्या मुलीला ही हेळसांड वाटते, पण ती हेळसांड नव्हे. तेथील सुईण ही पदवी घेतलेली, स्वतंत्र जबाबदारीची व्यक्ती आहे आणि काही बिघडले तर पुढे डॉक्टर उभा असतो. हॉलंडमध्ये तर बाळंतपणानंतर आठवडाभर एक परिचारिका रोज काही तास घरी येऊन आईला व बाळाला पाहते, आणि तो तेथील आरोग्यविम्याचाच भाग आहे. जर्मनीतही सुईण बाळंतिणीच्या घरी येते. शिवाय नोकरी करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या आधी सहा आणि नंतर आठ आठवडे कायद्याने रजा मिळते.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टर, रुग्णालय आणि भूल यांची बिले अलग अलग येतात, आणि सारा भार नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यावर असतो. त्या विम्यात पहिली काही रक्कम आपण भरावयाची असते आणि वर्षाकाठी आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याचीही एक मर्यादा असते. हे दोन आकडे जोडप्याने तिसऱ्या महिन्यातच लिहून काढावेत. मूल डिसेंबर-जानेवारीच्या संधीवर जन्मणार असेल तर वर्ष बदलते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हेही ध्यानात धरावे. १९९६ च्या एका कायद्याने सर्वसाधारण प्रसूतीनंतर ४८ तास आणि शस्त्रक्रियेनंतर ९६ तास रुग्णालयात राहण्याचा खर्च विमा कंपनीला नाकारता येत नाही. जन्मलेल्या मुलाचे नाव मात्र ३० दिवसांच्या आत विम्यात घालावे लागते. हा महिना चुकला तर मुलाच्या औषधपाण्याचा बोजा आईबापांवर पडू शकतो. पगारी रजेचा केंद्रीय कायदा तेथे नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, तीही वर्षभर नोकरी झालेली असेल आणि मालकाकडे पन्नास माणसे कामाला असतील तर. आपल्याकडे १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. परंतु ती येथे नोकरी करणारीस, परदेशी कंपनीत तिकडे काम करणारीस नव्हे.

मग इकडची पद्धत निर्दोष आहे काय? तसेही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील शंभर प्रसूतींपैकी सुमारे एकवीस शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. हा आकडा पाहून समाधान मानू नये. कारण सरकारी रुग्णालयांत तो चौदाच्या आसपास, तर खाजगी रुग्णालयांत सत्तेचाळीसच्या आसपास होता. परदेशातून येणारी मुलगी बहुधा खाजगी रुग्णालयातच जाते. अमेरिकेतही सुमारे बत्तीस प्रसूती शस्त्रक्रियेने होतात, तेव्हा कोणी कोणाला हसावे असे नाही. सांगावयाचे इतकेच की, येथे नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावे : आपल्याकडे शंभरांत किती शस्त्रक्रिया होतात? वेदना कमी करण्याची सोय आहे काय? कळा चालू असताना पतीला किंवा आईला जवळ राहू देता काय? शेवटचा प्रश्न लाजण्यासारखा नाही. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीचे माणूस जवळ असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. आणखी एक गोष्ट. परदेशी डॉक्टर मुलगा की मुलगी हे सहज सांगतो. येथे १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे. इकडे येणाऱ्या जोडप्याने तो प्रश्न विचारून डॉक्टरांना संकटात टाकू नये.

चौथा मुद्दा कायद्याचा, आणि गैरसमज सर्वांत अधिक येथेच. जन्मभूमीवरून नागरिकत्व देणारे देश थोडे आहेत. इंग्लंडने ही पद्धत १ जानेवारी १९८३ पासून सोडली. आईबापांपैकी एक तेथील नागरिक किंवा कायमचा रहिवासी असला तरच तेथे जन्मलेले मूल ब्रिटिश ठरते. आयर्लंडने २००४ च्या सार्वमतानंतर तसेच केले. जर्मनीत आईबापांपैकी एकाचे काही वर्षांचे कायदेशीर वास्तव्य व कायम राहण्याचा हक्क लागतो. ही मुदत पूर्वी आठ वर्षे होती, २०२४ पासून पाच झाली. आखाती देशांत जन्माने नागरिकत्व मिळतच नाही. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने आणि १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यातील निकालाने ते मिळत आले. परंतु २० जानेवारी २०२५ रोजी तेथील राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईबापांची मुले वगळण्याचे योजले होते. त्यास न्यायालयांत आव्हान मिळाले, अंमलबजावणी रोखली गेली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांचे मूल जन्मावयाचे आहे त्यांनी आपल्या वेळची स्थिती वकिलाकडून समजून घ्यावी. शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये.

आणि ते नागरिकत्व मिळाले तरी काय मिळते? मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत ते आईबापांना तेथे आणू शकत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. म्हणून अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्या मुलास येथे परदेशस्थ भारतीयाचे ओळखपत्र काढून राहावे लागते. त्या पत्राने येणेजाणे, शिकणे, राहणे सुखाचे होते. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. एका कागदासाठी प्रकृतीचा विचार मागे टाकावा एवढे मोल त्या कागदाला आहे असे आम्हांस वाटत नाही.

याउलट एक कागद असा आहे की तो विसरणे महागात पडते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारताबाहेर जन्मलेले भारतीयांचे मूल आपोआप भारतीय होत नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी लागते, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. जेथे जन्मभूमी नागरिकत्व देत नाही अशा देशात ही नोंद राहिली, तर ते तान्हे मूल कोणत्याच देशाचे नाही अशी अवस्था ओढवू शकते. आखातात बाळंत होणाऱ्या प्रत्येक मुलीने हे भिंतीवर लिहून ठेवावे.

मूल येथे जन्मले तर २१ दिवसांत जन्मनोंद व्हावयास हवी. ती रुग्णालयामार्फत होते, पण नावांची अक्षरे आपण तपासावीत. आमच्या थोरल्या मुलीच्या वेळी आईच्या नावात एक अक्षर चुकले. ते पासपोर्टशी जुळेना. दुरुस्तीत तीन आठवडे गेले आणि पासपोर्ट, मग व्हिसा, असे सारेच पुढे ढकलले गेले. जावई आठ दिवसांची रजा काढून आला होता. परंतु बाळ दहा दिवस उशिरा जन्मले आणि तो तोंड न पाहताच परतला. बाप-लेकीची भेट झाली ती अडीच महिन्यांनी, विमानतळावर. त्याने तक्रार केली नाही, पण ते दिवस परत येत नाहीत. आणखी एक अडचण अशी की, संयुक्त अरब अमिरातीत सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास राहण्याचा परवाना सामान्यतः रद्द होतो. सातव्या महिन्यात आलेल्या मुलीचे सहा महिने बाळ तीन-साडेतीन महिन्यांचे होते न होते तोच भरतात. परतीचा दिवस आधी ठरवून मग येण्याचा दिवस ठरवावा, हा धडा आम्ही तेव्हा शिकलो. अमेरिकेहून येणाऱ्या मुलीने आपल्या स्वतःच्या व्हिसाची मुदतही पाहावी. नवा शिक्का घ्यावा लागणार असेल तर मुलाखतीची तारीख मिळण्यास कधी आठवडे तर कधी महिने लागतात.

बारशाचीही एक बाब आहे. आपण बाराव्या दिवशी नाव ठेवतो. हॉलंडमध्ये जन्माची नोंद तीन दिवसांत व्हावी लागते, अमेरिकेत रुग्णालय सोडण्यापूर्वीच नाव विचारतात. इंग्लंडमध्ये मात्र बेचाळीस दिवसांची सवड असते. तेव्हा आत्याबाईंनी कानात सांगावयाचे नाव आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. बारसे मग केव्हाही, व्हिडिओवर आत्याला बसवूनही, होते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत परदेशी फॉर्मात कोणत्या रकान्यात बसवावयाची हे एकदाच ठरवावे आणि सर्व कागदांवर तसेच ठेवावे.

पाचवा मुद्दा हाताखालच्या माणसाचा, आणि आमच्या मते प्रकृतीच्या खालोखाल तोच महत्त्वाचा. माहेरपण म्हणजे नुसते डिंकाचे नि अळिवाचे लाडू नव्हेत. रात्री मूल रडू लागले म्हणजे ते उचलून घेणारे दुसरे कोणी घरात असणे, हे खरे माहेरपण. बाळंतपणानंतर खिन्नतेचा विकार जडणाऱ्या स्त्रिया जगभरात शंभरांत सुमारे तेरा आहेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा विकार ओळखण्यासाठी एडिंबरोच्या नावाने प्रसिद्ध असलेली दहा प्रश्नांची साधी चाचणी १९८७ पासून वापरात आहे. नवरा सकाळी आठला कामावर गेला, बाहेर बर्फ पडते आहे, शेजारी ओळखीचे नाहीत, अशा घरात ओली बाळंतीण दिवसभर एकटी राहिली तर काय होईल हे निराळे सांगावयास नको. परदेशात बाळंतपण करावयाचे असेल तर निदान पहिले सहा आठवडे कोणी तरी जवळ असलेच पाहिजे : आई, सासू, नवऱ्याची रजा, नाही तर पैसे देऊन ठेवलेली बाई.

आई जाणार असेल तर तिचाही विचार व्हावा. साठीच्या घरातील बाई, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, थंडीची सवय नाही. तिचा व्हिसा लवकर काढावा, तिच्यासाठी प्रवासी विमा घ्यावा, आणि तिला बारा माणसांचा स्वयंपाक करावयास नव्हे तर लेकीला सोबत म्हणून नेत आहोत हे सर्वांनी लक्षात ठेवावे. तिनेही काही गोष्टी मागे ठेवून जाव्यात. बंद घरात शेगडी पेटवून धुरी देऊ नये. धुराची घंटा वाजेल हे तर खरेच, पण तो धूर कोवळ्या फुप्फुसांना येथेही वाईटच. बाळाला मध चाटवू नये. एका वर्षाच्या आत मधापासून एक गंभीर विषबाधा होऊ शकते, हे आपल्याकडील बालरोगतज्ज्ञही सांगतात. लाडू, शेपा यांना कोणाचीच हरकत नाही.

लसींचे वेळापत्रकही देशोदेशी वेगळे असते. आपल्याकडे जन्मतः बी.सी.जी., पोलिओ व हिपॅटायटिस-बी देतात, आणि पुढे दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी. अमेरिकेत बी.सी.जी. सरसकट देत नाहीत आणि पुढील लसी दोन, चार व सहा महिन्यांना असतात. ज्या देशात सुरुवात झाली तेथील कार्ड जपून दुसऱ्या देशातील डॉक्टरांपुढे ठेवावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

आता निर्णय कसा घ्यावा? आमच्या अनुभवावरून आम्ही एक क्रम सुचवितो. आधी प्रकृती : जोखीम असेल तर जेथे उपचार चालू आहेत तेथून हलू नये. मग तिची स्वतःची इच्छा : कळा तिला सोसावयाच्या आहेत, म्हणून तिचे मत इतर सर्वांच्या मताहून जड धरावे. त्यानंतर सोबत : कोणत्या ठिकाणी तिला अधिक दिवस अधिक जिव्हाळ्याचे माणूस मिळेल? त्यानंतर बाप : त्याला मुलापासून किती दिवस दूर राहावे लागेल? मग कागद, आणि मग पैसा. नागरिकत्वाचा मोह सर्वांत शेवटी. हा निर्णय पाचवा महिना संपण्यापूर्वी व्हावा, आणि जो होईल त्याला पर्यायी बेत जोडून ठेवावा. येण्याचे ठरले असले तरी तेथील रुग्णालयातील नाव एकदम काढू नये. राहण्याचे ठरले असले तरी आईचा व्हिसा वेळेवर आला नाही तर कोण येईल हे योजून ठेवावे.

आमच्या दोन मुलींपैकी कोणाचा निर्णय बरोबर होता, असे आम्हांस लोक विचारतात. थोरलीला आईच्या हातचे तीन महिने मिळाले, पण नवऱ्याला लेकीचे पहिले हसू मिळाले नाही. धाकटीच्या नवऱ्याने नाळ स्वतः कापली, पण आजोबांनी नात पाहिली ती आठ महिन्यांनी, आणि ते आजोबा आम्हीच. कोठे तरी काही तरी सुटतेच. काय सुटणार हे आधी पाहून, दोघांनी मिळून, डोळसपणे ते सोडावे. म्हणजे मागाहून कोणी कोणाला बोल लावीत नाही. आनंदीबाईंना मिळाले नाही ते सुरक्षित बाळंतपण आज आपल्या मुलींना दोन्हीकडे मिळू शकते. कोणती जागा निवडावी हे त्यांना ठरवू द्यावे, आणि त्या ठरवतील तेथे आपण उभे राहावे.